मातीचे दात : दंतसिरॅमिकांच्या घडणीचा इतिहास

चिनी मातीच्या इतिहासाचे लेखन बहुधा राजदरबारातील फुलदाण्या, चहाचे पेले आणि संग्रहालयांतील मूर्ती यांच्याभोवती फिरत राहते. याच मातीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसाच्या मुखात प्रवेश केला आणि तेव्हापासून ती तेथे निरनिराळ्या रूपांनी टिकून आहे, ही गोष्ट सामान्यतः दंतवैद्यकाच्या ग्रंथांत एखाद्या प्रास्ताविक परिच्छेदापुरती येते. वस्तुतः या शाखेचा इतिहास स्वतंत्र विचारास पात्र आहे. कृत्रिम दाताच्या द्रव्याकडून तीन अपेक्षा असतात : ते मुखातील ओलाव्याने कुजू नये, ते परके दिसू नये आणि चावण्याच्या दाबाखाली ते मोडू नये. यांपैकी पहिली अपेक्षा अठराव्या शतकाने, दुसरी एकोणिसाव्या शतकाने आणि तिसरी विसाव्या शतकाने मुख्यत्वे पुरी केली. मात्र एक अपेक्षा पुरी करताना दुसरीला बाध येतो, हा अनुभव प्रत्येक टप्प्यावर आला. या विरोधातूनच दंतसिरॅमिकांचे आजचे प्रकार कसे उत्पन्न झाले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

१. मातीपूर्वीचे दात

अठराव्या शतकातील युरोपात कृत्रिम दात प्रामुख्याने हस्तिदंत, पाणघोड्याचा दात आणि वॉलरसचा सुळा यांतून कोरून काढीत. ही सर्व द्रव्ये प्राणिज. लाळ आणि अन्नरस त्यांत मुरत. काही काळाने ती पिवळी, मग काळपट पडत आणि त्यांना असह्य दुर्गंधी येऊ लागे. हस्तिदंताच्या पट्टीवर खऱ्या माणसाचे दात बसवण्याचीही रीत होती. दिसण्याच्या दृष्टीने तिच्या तोडीचे दुसरे काही नव्हते. परंतु माणसाचे दात मिळवायचे कोठून, हा प्रश्न येताच या कलेची काळी बाजू समोर येते. गरिबांकडून दात विकत घेतले जात आणि मृतांच्या जबड्यांतूनही ते काढले जात. शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन हंटर यांनी १७७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दंतविषयक ग्रंथात जिवंत माणसाचा दात उपटून दुसऱ्याच्या हिरडीत रोवण्याच्या क्रियेचा पुरस्कार केला होता. १७८७ साली टॉमस रोलंडसन या इंग्रज व्यंगचित्रकाराने नेमका हाच प्रसंग चितारला : चित्रात एका धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात काढला जात आहे आणि तो घेण्यासाठी श्रीमंत स्त्री शेजारीच बसली आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात बाजारात आले आणि ‘वॉटर्लू दात’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला.

या द्रव्यांची मर्यादा किती मोठी होती, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. १७८९ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या मुखात एकच नैसर्गिक दात शिल्लक होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या असे सांगतात, पण ती निव्वळ दंतकथा होय. त्या पाणघोड्याचे दात, मानवी दात आणि धातू यांच्या बनवलेल्या होत्या. राष्ट्राच्या प्रमुखालाही याहून चांगले काही मिळू शकत नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

२. औषधविक्रेता आणि दंतवैद्य

पारदर्शक झाक असलेली कठीण चिनी माती घडवण्याचे रहस्य चीनला शतकानुशतके ठाऊक होते. युरोपात ती माइसेन येथे चिर्नहाउस आणि बोट्गर यांच्या प्रयोगांतून १७०८ ते १७१० च्या सुमारास सिद्ध झाली. चीनमधील पद्धतीचे तपशील फादर द’आंत्रकोल या जेझुइट धर्मोपदेशकांनी १७१२ आणि १७२२ साली जिंगदेझेन येथून लिहिलेल्या पत्रांमुळे फ्रान्समध्ये पोचले. त्या पत्रांतील एक रूपक पुढील विवेचनास उपयोगी पडणारे आहे. चिनी कारागिरांच्या मते भांड्याच्या देहात दोन द्रव्ये असतात : केओलिन नावाची पांढरी, न वितळणारी माती ही त्याची हाडे आणि भट्टीत वितळणारा कुटलेला दगड हे त्याचे मांस. परकीयांनी केवळ मांसाचा देह घडवू पाहिला, म्हणून ते फसले, असे ते कारागीर थट्टेने म्हणत.

या वस्तूला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावेही उद्बोधक आहेत. इटालियनमध्ये ‘पोर्चेलाना’ हा मूळचा कवडीवाचक शब्द. भांड्याची झळाळी कवडीच्या पाठीसारखी, म्हणून तो भांड्यांना लागला आणि तेथून इतर युरोपीय भाषांत पसरला. मराठीने रूपाकडे न पाहता उगमाकडे पाहिले आणि ‘चिनी माती’ म्हटले. एका नावात झळाळी आहे, दुसऱ्यात माती आहे. दाताच्या इतिहासात या दोहोंची ओढाताण पुढे दिसेल.

आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाणारे पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात धातूच्या पत्र्यावर मिन्याचा लेप भाजून दातांचा व हिरड्यांचा आभास निर्माण करण्याची कल्पना मांडली होती. तथापि संपूर्ण कवळीच चिनी मातीची करावी, हा विचार दंतवैद्याचा नव्हे. पॅरिसजवळील साँ-जर्मँ-आँ-ले येथील अलेक्सिस द्युशातो या औषधविक्रेत्याला तो सुचला. औषधांचे खल करताना आणि मिश्रणे चाखताना त्यांच्या हस्तिदंती कवळीत सगळे वास मुरत. दुकानातील चिनी मातीच्या बरण्यांना मात्र कशाचाही वास लागत नसे. १७७४ साली त्यांनी पॅरिसमधील गेरार यांच्या चिनी मातीच्या कारखान्यात आपल्या कवळीची प्रतिकृती भाजवून घेतली.

येथे पहिली मोठी अडचण उभी राहिली. भाजताना चिनी माती आकसते. पेला थोडा लहान झाला तर कोणाचे बिघडत नाही. परंतु कवळी रेसभर लहान झाली तरी ती हिरडीवर बसत नाही. द्युशातो यांनी पॅरिसचे दंतवैद्य निकोला द्युबुआ द शेमाँ यांचे साहाय्य घेतले. मिश्रणात बदल करून आणि भट्टीचे तापमान उतरवून अखेर द्युशातो यांना वापरता येईल अशी कवळी तयार झाली. इतरांसाठी कवळ्या करण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र फसले आणि ते आपल्या दुकानाकडे परतले.

द्युबुआ द शेमाँ थांबले नाहीत. त्यांनी मिश्रण व भाजणी यांत सुधारणा केल्या, १७८८ साली या नव्या दातांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि सोळाव्या लुईकडून एकाधिकाराची सनद मिळवली. तेव्हा द्युशातो आणि पॅरिसमधील काही दंतवैद्य यांनी त्या सनदेला आव्हान दिले. पण त्यांचा दावा फेटाळला गेला. क्रांतीच्या धामधुमीत द्युबुआ द शेमाँ इंग्लंडला गेले. १७९१ साली त्यांना तेथेही चौदा वर्षांचा एकाधिकार मिळाला आणि प्रसिद्ध वेजवुड कारखान्याकडून त्यांना कच्ची माती मिळू लागली. १८०४ पर्यंत आपण बारा हजार कवळ्या केल्या, असे ते सांगत.

या वादाचा निवाडा न्यायालयाने केला असला तरी इतिहासाने तो तसाच स्वीकारावा काय? ज्याला त्रास होता त्याने प्रश्न नेमका ओळखला आणि उत्तराचे द्रव्यही शोधले. ज्याला कौशल्य होते त्याने ते उत्तर व्यवहारात आणले. एकाच्या मुखात एक कवळी बसली, दुसऱ्याने हजारो बसवल्या. सनद एकालाच मिळू शकते. परंतु इतिहासकारावर असे बंधन नाही. त्याने कल्पनेचे श्रेय द्युशातो यांना आणि सिद्धीचे श्रेय द्युबुआ द शेमाँ यांना द्यावे, हेच न्याय्य होय.

आपल्या दातांसाठी द्युबुआ द शेमाँ यांनी निवडलेले विशेषण ‘अविकारी’, म्हणजे न कुजणारे, असे होते. पहिली अपेक्षा पुरी झाल्याची ती घोषणाच होती. दुसरी अपेक्षा मात्र दूरच राहिली. एकसंध भाजलेल्या या कवळ्या पांढऱ्याफटक, अपारदर्शक आणि ठिसूळ असत. १८११ साली रोलंडसन यांनी पुन्हा एक चित्र काढले. त्यात एक फ्रेंच दंतवैद्य एका स्त्रीच्या मुखातील आपल्या कवळीचे प्रदर्शन करीत आहे. पहिल्या चित्रातील विषय क्रौर्याचा होता, दुसऱ्यातील केवळ हास्याचा. चोवीस वर्षांतील हा फरक, निदान तत्त्वतः, मातीने घडवला होता.

३. एकेक दात आणि कारखाना

मुळात आकसण्याची अडचण संपूर्ण कवळी एकसंध भाजल्यामुळे येत होती. पॅरिसमध्ये व्यवसाय करणाऱ्या ज्युसेपांजेलो फोंझी या इटालियन दंतवैद्यांनी १८०८ साली तिच्यावर साधा उपाय सादर केला : प्रत्येक दात स्वतंत्र भाजायचा. कच्च्या मातीच्या दातात मागील बाजूने प्लॅटिनमचा आकडा खोचून ठेवीत आणि मगच तो भट्टीत जाई. भाजल्यावर तो आकडा धातूच्या पट्टीला डाखून टाकीत. प्लॅटिनमच का, याचे कारण असे की, हा धातू भट्टीच्या तापमानाला वितळत नाही, गंजत नाही आणि त्याचे प्रसरण चिनी मातीच्या प्रसरणाशी बरेचसे जुळते. एक दात फुटला तर तेवढाच बदलता येऊ लागला. आकसण्याचा दोष नाहीसा झाला नाही. तो लहान आकारात विभागला जाऊन निरुपद्रवी झाला.

१८१७ साली प्लांटू या फ्रेंच दंतवैद्याबरोबर ही विद्या फिलाडेल्फियाला गेली. तेथे चित्रकार आणि संग्रहालयाचे संस्थापक चार्ल्स विल्सन पील यांनीही असे दात भाजून पाहिले. १८२५ साली सॅम्युअल स्टॉक्टन या सुवर्णकाराने व्यापारी प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि त्यांचे भाचे सॅम्युअल व्हाइट यांनी १८४४ साली स्वतःचा कारखाना काढला. लंडनमध्ये क्लॉडियस ॲश यांनी मध्यभागी पोकळ नळी असलेले दात तयार केले. या प्रारंभीच्या निर्मात्यांत चित्रकार आणि सोनार दिसावेत, यात नवल नाही. रंगाची जाण आणि मुशीचा अनुभव त्यांनाच होता.

कारखान्यातील पद्धत थोडक्यात अशी होती. खनिजे भाजून, पाण्यात विझवून, कुटून त्यांची वस्त्रगाळ पूड करीत. ती कालवून पितळेच्या दुहेरी साच्यात भरीत. देहाचा आणि कडेचा रंग वेगवेगळा हवा म्हणून दोन मिश्रणे शेजारीशेजारी घालीत. साचा दाबून व तापवून दात घट्ट झाला की त्याच्या कडा तासून तो भट्टीत देत.

या दातांना बसायला स्वस्त आधार मिळाला तो कठीण केलेल्या रबराचा. तोवर सोन्याच्या पट्टीमुळे कवळी श्रीमंतांपुरती होती. व्हल्कनाइट रबराने ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. येथेही एकाधिकाराचा प्रश्न उद्भवलाच. रबरी कवळीचे हक्क असलेली कंपनी दंतवैद्यांकडून परवाना-शुल्क वसूल करी आणि न देणाऱ्यांवर दावे लावी. १८७९ साली या कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांची सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका दंतवैद्याने गोळी घालून हत्या केली. १८८१ साली हक्काची मुदत संपली आणि हा व्यवसाय मुक्त झाला.

४. हाडांवाचून मांस

या कालखंडात मिश्रणाचे स्वरूपच बदलत गेले. भांड्यांच्या चिनी मातीत केओलिन निम्म्याच्या आसपास असते. भट्टीत आकार टिकवून धरण्याचे काम तेच करते, परंतु त्यामुळे अपारदर्शकता येते. नैसर्गिक दाताचे दंतवल्क अर्धपारदर्शक असते. प्रकाश त्यात शिरतो, विखुरतो आणि परततो. ते रूप साधण्यासाठी केओलिनचे प्रमाण घटवत नेले गेले. दंतोपयोगी मिश्रणात फेल्डस्पार सुमारे ७५ ते ८५ टक्के, गारगोटी १२ ते २२ टक्के आणि केओलिन अवघे ४ टक्क्यांपर्यंत राहिले. पुढे ते बहुधा वगळलेच गेले. चिनी कारागिरांच्या रूपकात सांगायचे, तर ज्या गोष्टीची त्यांनी थट्टा केली होती तीच दंतवैद्यांनी मुद्दाम केली : हाडे काढून केवळ मांसाचा देह घडवला. परिणामही रूपकाला धरूनच झाला. दात सुंदर झाला आणि दुर्बल झाला.

पोटॅशयुक्त फेल्डस्पार सुमारे ११५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळू लागते, तेव्हा काच आणि ल्युसाइट नावाचे स्फटिक निर्माण होतात. म्हणून हे द्रव्य काटेकोर अर्थाने मातीची वस्तू राहत नाही. ती स्फटिकगर्भ काच होय. धातूंची ऑक्साइडे मिसळून तिला पिवळसर, तपकिरी, निळसर छटा देतात. नैसर्गिक दाताची प्रतिदीप्ती साधण्यासाठी एके काळी युरेनियमची संयुगेही वापरीत. पुढे त्यांची जागा विरल मृत्तिका मूलद्रव्यांनी घेतली. भाजणीच्या तापमानावरून या द्रव्यांचे वर्ग पाडण्याची रूढी आहे : १३०० अंशांहून अधिक लागणारी उच्च, ११०० ते १३०० ची मध्यम, ८५० ते ११०० ची नीच आणि त्याखालील अतिनीच द्रावी. पहिले दोन वर्ग कारखान्यातील तयार दातांना, तर पुढचे दोन प्रयोगशाळेत घडवायच्या टोप्यांना व थरांना उपयोगी पडतात.

रुग्णाच्या स्वतःच्या दातावर बसणारी चिनी मातीची टोपी घडवण्याचे श्रेय डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांचे. (विमानोड्डाणासाठी प्रसिद्ध असलेले चार्ल्स लिंडबर्ग हे त्यांच्या मुलीचे पुत्र.) १८८० नंतरच्या दशकात त्यांनी दातातील खळग्यात प्लॅटिनमचा पातळ वर्ख दाबून त्याचा ठसा घेण्याची आणि त्या वर्खावरच माती भाजण्याची युक्ती काढली, १९०३ साली त्यांनी याच मार्गाने संपूर्ण टोपी सिद्ध केली. पूड पाण्यात कालवून कुंचल्याने थर चढवायचे, हलक्या हादऱ्याने कण जवळ आणायचे, वर आलेले पाणी टिपायचे, भट्टीच्या तोंडाशी वाळवायचे आणि मग भाजायचे, ही पद्धत तेव्हापासून चालत आली आहे. भाजताना सुमारे एक तृतीयांश आकारमान घटते, म्हणून कारागीर दात मुद्दाम मोठा घडवतो. विजेच्या भट्ट्यांमुळे तापमानावर नियंत्रण आले आणि १९५० च्या सुमारास निर्वात भट्ट्या प्रचारात आल्यावर थरांत अडकणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांचे प्रमाण एकदशांशावर उतरले.

५. पुन्हा हाडे

काच दाब सोसते, ताण सोसत नाही. पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि भेग सरळ आरपार जाते. साध्या फेल्डस्पारी द्रव्याची वाकणशक्ती ६० ते ७० मेगापास्कलच्या आसपास असते. दाढेला ती पुरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दुर्बल देहाला पुन्हा हाडे देण्याचे जे मार्ग निघाले, तेच आजच्या दंतसिरॅमिकांचे प्रकार होत.

पहिला मार्ग धातूचा. सोन्याच्या मिश्रधातूचे प्रसरण साध्या दंतमातीच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे निवताना लेप तडकून जाई. ल्युसाइटचे प्रमाण वाढवले असता काचेचे प्रसरण धातूच्या जवळ येते, हे तत्त्व वापरून वाइनस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली पेटंटे मिळवली. लेपाचे प्रसरण धातूहून किंचित कमी ठेवले की निवल्यावर लेप दाबाखाली राहतो. म्हणजे जे त्याला सोसते तेच त्याच्या वाट्याला येते. मात्र धातूचा काळपटपणा झाकण्यासाठी अपारदर्शक थर आवश्यक झाला आणि सौंदर्य पुन्हा काहीसे उणावले.

दुसरा मार्ग कणांचा. १९६५ साली मॅक्लीन आणि ह्यूज यांनी काचेत वजनाने ४० ते ५० टक्के ॲल्युमिनाचे कण मिसळले. त्यांनी भेगेची वाट अडते आणि बळ सुमारे दुप्पट होते. १९८९ च्या सुमारास निघालेल्या एका पद्धतीत ॲल्युमिनाचा सच्छिद्र सांगाडा आधी भाजून घेऊन नंतर त्याच्या रंध्रांत वितळलेली काच शोषवीत. हाडांची जुळणी आधी आणि मांस मागाहून, असा हा क्रम होता.

तिसरा मार्ग काचेतच स्फटिक वाढवण्याचा. १९५३ च्या सुमारास कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत डोनल्ड स्टुकी यांची भट्टी चुकून ठरवल्याहून सुमारे ३०० अंशांनी अधिक तापली आणि काचेचा नमुना वितळण्याऐवजी स्फटिकमय व कणखर झाला. या अपघातातून काचसिरॅमिकांचा जन्म झाला. १९८० नंतर अभ्रकस्वरूप स्फटिकांचे आणि १९९० च्या सुमारास ल्युसाइटयुक्त काचसिरॅमिक दातांसाठी आले. १९९८ साली लिथियम डायसिलिकेटचे आले. दात मेणात कोरायचा, भोवती साचा ओतायचा, मेण जाळून टाकायचे आणि त्या पोकळीत तापवून मऊ केलेले काचसिरॅमिक दाबायचे, ही रीत ओतीव मूर्तीच्या कामाशी जवळचे नाते सांगते. एकमेकांत गुंतलेल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे लिथियम डायसिलिकेटचे बळ ३५० मेगापास्कलच्या वर जाते.

चौथा मार्ग काच सोडूनच देण्याचा. क्लापरोट यांनी १७८९ साली श्रीलंकेतून आलेल्या झिर्कॉन रत्नातून एक नवे ऑक्साइड वेगळे केले. झिर्कॉन हा शब्द बहुधा फारसी ‘जरगून’, म्हणजे सोनेरी, यापासून आलेला आहे. त्यातील ‘जर’ मराठीला ‘जरी’ आणि ‘जरतार’ या शब्दांतून परिचितच आहे. या झिर्कोनियाचा विलक्षण गुण १९७५ साली गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को यांनी दाखवून दिला. सुमारे ३ रेणू-टक्के यिट्रिया मिसळले असता त्याचे उच्च तापमानातील स्फटिकरूप थंड झाल्यावरही टिकते; परंतु भेग जवळ आली की तेथील स्फटिक रूप बदलतात, सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी फुगतात आणि भेगेचे तोंड दाबून धरतात. त्यामुळे ९०० ते १२०० मेगापास्कलपर्यंत बळ मिळते. हे द्रव्य हाताने घडवणे अशक्यप्राय. ती अडचण संगणकाने सोडवली : फ्रान्समध्ये फ्रान्स्वा द्युरे यांनी १९७० नंतर या दिशेने काम आरंभले होते आणि १९८५ साली झुरिक येथे म्योरमान व ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने पहिले भरण कोरले गेले. झिर्कोनियाचा ठोकळा अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या अवस्थेत कोरतात आणि मग १३५० ते १५५० अंशांच्या दरम्यान पूर्ण भाजतात. तेव्हा तो आकसतो. म्हणून यंत्र त्याला २० ते २५ टक्के मोठा कोरते. द्युशातो यांना ज्या आकसण्याने हैराण केले, ते अद्याप संपलेले नाही; ते अचूक मोजता येऊ लागले, एवढाच फरक.

झिर्कोनियालाही दोष आहेत. ओलाव्याच्या दीर्घ सान्निध्यात त्याचे स्फटिक हळूहळू आपोआप रूप बदलतात. २००१ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतील काही झिर्कोनिया गोळे अल्पावधीत फुटले, तेव्हा भाजणीतील लहानशा फरकाचेही परिणाम किती गंभीर असतात हे दिसून आले. शिवाय हे द्रव्य अपारदर्शक. यिट्रिया ४ ते ५ रेणू-टक्क्यांपर्यंत वाढवले की ते अधिक प्रकाशवाही होते, परंतु भेग दाबून धरण्याचा त्याचा गुण त्याच प्रमाणात ओसरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या अपेक्षांमधील जुना विरोध येथे नव्या द्रव्यात तसाच प्रकट झाला आहे.

उपसंहार

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दंतसिरॅमिकांचे प्रकार हे एकामागून एक येऊन आधीच्याला हद्दपार करणारे शोध नव्हेत. समोरच्या दातासाठी फेल्डस्पारी थर, दाढेसाठी झिर्कोनिया, असे ते शेजारीशेजारी नांदतात. कारण तिन्ही अपेक्षा सारख्याच पूर्ण करणारे द्रव्य अद्याप सिद्ध झालेले नाही. दुसरा असा की, या इतिहासात औषधविक्रेता, चित्रकार, सोनार आणि काचशास्त्रज्ञ यांचा वाटा दंतवैद्यांइतकाच आहे आणि सनदांच्या नोंदी त्याचे पुरते माप देत नाहीत. तिसरा निष्कर्ष भाषेसंबंधी आहे. ‘सिरॅमिक’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘केरामोस’, म्हणजे कुंभाराची माती. आजच्या दंतसिरॅमिकांतून ती माती जवळजवळ नाहीशी झाली आहे. तरीही शब्द टिकला आणि तो अयोग्यही ठरत नाही. पूड कालवायची, आकार द्यायचा, वाळवायचे, भाजायचे आणि आकसण्याचा हिशेब आधीच धरायचा, हा कुंभाराचा क्रम प्रयोगशाळेत जसाच्या तसा चालू आहे. ज्या धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात १७८७ च्या चित्रात उपटला जात होता, त्याच्यासारख्यांचे दात पुढे बाजारातून उठले, त्याचे मोठे कारण हाच क्रम होता, हे नमूद करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.